सतरावी ओळ

सोमवार, ६ जानेवारी २०२५

दुपारी बोरी बुद्रुकला पोचले. उपसा पाणी संस्थेचे सचिव गोरखभाऊ स्टँडवर द्राक्षांची पेटी घेऊनच उभे होते. अजून कामाला हात लावला नाही आणि एवढी सरबराई! पुण्याच्या ऑफिसात दोन वर्षांत मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. राहायला कचेरीच्या वरची खोली मिळाली. खिडकीतून नदी दिसते आणि काठावरची जॅकवेल, म्हणजे ज्या खोल विहिरीतून पंप पाणी उपसतो ती.

संस्थेत एकतीस शेतकरी आहेत. रोज सकाळी आठ ते दुपारी चार एकाच्या शेताला पाणी, दुसऱ्या दिवशी पुढच्याच्या. ही यादी कॉम्प्युटरमधल्या एका टेबलात होती आणि ते टेबल आठ महिन्यांपूर्वी खराब झालं. सोळा ओळी नीट वाचता येतात, सतराव्या ओळीला प्रोग्रॅम मान टाकतो. काम दोन दिवसांचं आहे. गोरखभाऊंना आठवडा सांगितलाय.

मंगळवार, ७ जानेवारी

डिस्क ठणठणीत आहे. वीज गेल्यावर टेबल असं बिघडत नाही; बिघाड बरोबर एका ओळीपुरता आहे. माझ्याआधी हे काम जुन्नरचा तालिब बघायचा. तो गबाळा असणार, असं मी मनात ठरवून टाकलं.

सध्या पंप चालवणारे भिमाजीकाका पाळ्या वहीत लिहितात. अक्षर मोत्यासारखं. पण सोळानंतर एक ओळ कोरी आणि मग अठरा. चुकून राहिली का, असं विचारलं तर म्हणाले, "न्हाई ताई, ती तशीच ऱ्हाऊ द्या." त्या दिवशी ते पाणी ओढ्याला सोडून देतात म्हणे.

पाळी सोपवायची इथली रीत मला फार आवडली. कॉम्प्युटरवरून पुढच्याला आपोआप फोन जातोच, तरी ज्याची पाळी संपली त्याने बांधावरून पुढच्याला नावानं हाक मारायची. पुढचा "आलो" म्हणाला की पहिला सुटला. तोवर त्यानं जागा सोडायची नाही, जेवण राहो की पाहुणे येवोत. म्हणून टेबलातही "यानंतर कोण" असा एक रकाना आहे.

बुधवार, ८ जानेवारी

जमलं. एका जुन्या प्रतीतून ओळ शाबूत मिळाली. सतरा : सावळेराम, यानंतर गोकुळ. अठरा : गोकुळ, यानंतर भिमाजी, म्हणजे आपले काकाच; त्यांचंही शेत यादीत आहे. सगळं टेबल सलग वाचून झालं तेव्हा एकटीनंच टाळी वाजवली.

पुन्हा असं होऊ नये म्हणून पक्का बंदोबस्त केला. आता दर तासाला पुण्याच्या सर्व्हरवरून तपासणी होईल. ओळ बिघडली, पुसली, काही झालं, तरी ती आपोआप जशीच्या तशी भरली जाईल. इथून कुणालाही, अगदी मलाही, ते थांबवता येणार नाही. किल्ली पुण्याला, आमच्या कंपनीकडे.

फोन लागतो का बघायला भिमाजीकाकांच्या खाली एक चाचणीची ओळ घातली : वृषाली, माझा नंबर; आणि काकांच्या "यानंतर"मध्ये माझं नाव. नंतर काढून टाकायची. काकांना पडदा दाखवला. सतरावी ओळ वाचून ते चहा तसाच ठेवून उठले.

गुरुवार, ९ जानेवारी

आज यादीप्रमाणे सावळेरामची पाळी होती. चार वाजता नदीकडून हाक आली, घोगरी, गोकुळच्या नावाची. मीही ऐकली. गोकुळ कांद्यात खुरपत होता. "आलो" म्हणाला, खुरपं टाकलं आणि सरळ जॅकवेलमध्ये उतरला. सहाला वर काढला. संपला होता.

मग गोरखभाऊंनी सांगितलं. सावळेराम मागच्या एप्रिलात गेला. त्याच्या पाळीच्या दिवशी, पाइपाच्या तोंडातला कचरा काढायला उतरला होता तेव्हा. भावाभावांत वाद, सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव, म्हणून यादीतही तेच राहिलं. चारला त्यानं विहिरीतून हाक मारली होती. गोकुळनं ऐकली होती, पण तो जेवत होता. उठला नाही.

हे मला आज सांगतात.

शुक्रवार, १० जानेवारी

तालिबभाईंना फोन केला. ते म्हणाले, मे महिन्यात सावळेरामची पाळी आली तेव्हाही हाक आली होती, गोकुळला चौघांनी धरून ठेवलं. ओळ पुसली तर परत यायची. म्हणून मुद्दाम तोडून ठेवली. तुटल्या ओळीत तो गप्प राहतो. गोरखभाऊ हसले होते त्यांना.

आज गोकुळची पाळी. चारला तो भिमाजीकाकांना हाक मारणार.

सतरावी, अठरावी तोडली. तासाभरात भरली. पुन्हा तोडली, पुन्हा भरली. चाचणीची ओळही जात नाही. माझाच बंदोबस्त. कंपनी म्हणते, सोमवारी बघू.

(रात्री)

काकांना खोलीत घेऊन कडी लावली. रेडिओ मोठा केला. काहीही झालं तरी बोलायचं नाही, असं वचन घेतलं. हाक आली. ते तोंडावर उपरणं धरून बसले. पुन्हा आली. पुन्हा. वीस मिनिटं. काका रडायला लागले. म्हणाले, "थंडीचं उभं हाय वो पोरगं. त्याला कुणी सोडवायचं?" आणि आलो म्हणाले. मी बाही धरली होती. बाही माझ्या हातात राहिली.

मीच ती ओळ जोडली. मी मारलं त्यांना.

शनिवार, ११ जानेवारी

काका सापडले नाहीत. जॅकवेलमध्ये गळ टाकून झाले.

दहाची बस धरली. नारायणगावात उतरले, फोन बंद होता, तरी कानात — पाण्याचा आवाज. परत आले. का, ते माहीत नाही.

३.४० — टेबल उघडलंय. वीस : वृषाली. यानंतर कोण? तो रकाना मी कोराच ठेवला होता. चाचणीचीच तर ओळ, कशाला भरायचा म्हणून. म्हणजे मला सोडवायला कुणीच —

नाव लिहिता येईल. गोरखभाऊंचं. लिहिलं. खोडलं. नाही जमत.

४.०० — हाक. काकांचाच आवाज. ताई म्हणतात.

बोलणार नाही. ओठ चावून धरलेत.

४.१५ — त्यांचे दात वाजतायत. ऐकू येतंय. मी बोलेपर्यंत ते तसेच उभे —

४.२० — काका, जा तुम्ही. घरी जा. मी आ