शेवटच्या कडव्यासकट

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

फोनवर तू बोलत राहिलास आणि मी नुसती हं हं करत राहिले. त्याचा अर्थ होकार असा घेऊ नकोस. मला तोंडावर भांडता येत नाही, तुला ठाऊक आहे. आधी रडू येतं आणि मुद्दा राहतो बाजूला. कागदावर निदान रडू दिसत नाही. तर पहिलं उत्तर आधीच देऊन टाकते, नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी भित्रेपणाने गोल गोल फिरेन. कुंभिवलीच्या पोल्ट्री शेडमधल्या तुमच्या बँडच्या तालमींची रेकॉर्डिंग मी पुसणार नाही.

घरचं सगळं बरं आहे. वाल चांगला आलाय. आत्याचा गुडघा दुखतो, तरी रोपांच्या नर्सरीतलं काम सोडत नाही. मी लॅबमध्ये रुळलेय. कर्जतला जायला सदूचा टेंपो मिळतो, तो रोज भाजी घेऊन जातो. लॅबमध्ये माझी चेष्टा होते, कारण रक्ताच्या प्रत्येक नळीवरचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचते. मॅडम म्हणतात, अगं रिया, नाव काय पळून जातंय का? मी हसते, पण वाचतेच. चुकीच्या माणसाचं रक्त चुकीच्या नावावर गेलं तर, या विचाराने मला जेवण जात नाही.

आणि सदूच्या टेंपोत रोज तुमचंच गाणं लागलेलं असतं. म्युझिक कंपनीने काढलेलं नव्हे, शेडमधलं. ते मी बाहेर दिलं नव्हतं, हे तुला पुन्हा सांगते. तू म्हणाला होतास, चाली विसरतात, फोन चालू ठेव. म्हणून कोंबड्यांच्या खाद्याच्या पिंपावर फोन ठेवून मी प्रत्येक तालीम उतरवून घ्यायचे, तीही सगळ्यांना विचारून. एक तालीम गजाने माझ्याकडून मागून घेतली आणि त्याच्या मावसभावाला पाठवली. तिथून ती कर्जतच्या कॉलेजात गेली, चौक गावच्या रिक्षा स्टँडवर गेली, आणि मला कळलं तेव्हा मी घाबरून गजाशी दोन दिवस बोलले नाही. तो म्हणाला, "आगं ताई, ढोल माझा चुकलाय त्याच्यात, मी लाजत नाय, तू कशापायी लाजतेस?" खरंच, त्यात गजा चुकतो. तू दुसरं कडवं उचलतोस, ढोल थांबतो, आणि गिटार तशीच हातात धरून मनोज ओरडतो, "काय रं, कोंबडी पळाली काय मागं?" गजा म्हणतो, "कोंबडी नाय, काठी पळाली." मग सगळे हसतात, आणि आत्या दारातून, "चा निवतोय. आधी पिवा, मंग बोंबला." हे संभाषण आता लोकांना गाण्याइतकं पाठ आहे. सदू स्टिअरिंगवर ताल धरतो आणि त्या जागेवर आपला हात थांबवतो, गजाबरोबर. गाणं नीट वाजलं तर चुकल्यासारखं वाटतं, म्हणतो.

मी खूप विचार केला की लोकांना त्यात काय एवढं सापडतं. कंपनीचं गाणं चांगलंच आहे, दादा. आवाज स्वच्छ आहे, गिटार जिथे यायला हवी तिथेच येते. पण ती येणार हे माहीत असतं. शेडमधल्या गाण्यात प्रत्येक वेळी मला भीती वाटते की मनोजला ती जागा सापडणार नाही. इतक्यांदा ऐकूनही वाटते. आणि मग ती सापडते, आणि तू नकळत "आलं रं आलं" म्हणतोस, आणि मला वाटतं आपण सगळे मिळून काहीतरी पडता पडता धरलं. कंपनीच्या गाण्यात ऐकणाऱ्याला बाहेर बसवलंय. शेडमध्ये त्याला अंड्यांचे ट्रे लावलेल्या भिंतींमध्ये, पिंपाशेजारी जागा मिळते.

हे मला कोणी शिकवलं? कर्जत स्टेशनचं फुकट वायफाय मिळावं म्हणून प्लॅटफॉर्मच्या टोकाला बसून, परदेशातल्या बँडच्या चोरून बाहेर आलेल्या तालमी उतरवून घेणारा माणूस तूच ना? एक कान तुझा, एक माझा. गायक खोकतोय, कुणीतरी शिवी देतंय, तेच सहा सूर पुन्हा पुन्हा. मला इंग्रजी कळत नव्हतं तरी ते माझ्या ओळखीचे झाले होते. तू म्हणायचास, अल्बम दाखवायला असतो गं, तालीम ऐकायला. तेव्हा त्या बँडला कोणी विचारलं होतं का, आमची तालीम ऐकताय ते चालेल का? मी तेव्हाही हा प्रश्न केला होता आणि तू माझ्या डोक्यात टपली मारली होतीस. आज तालीम तुझी आहे, तर तुला ती चोरी वाटते.

चोरी म्हणायची तर कुठली, तेही बोलू. आई-बाबा पाळीवर जायचे आणि आपण आत्याजवळ. शाळेत नाव घालण्याआधी तिने आपल्याला अक्षरं शिकवली ती गाण्यांच्या वहीवरून नव्हे, कारण तिची वहीच नव्हती, जमिनीवर खडूने. आजोबांच्या भीमगीतांच्या गायन पार्टीची सगळी गाणी तिच्या तोंडात होती. गाणं कुठलंही असो, शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं, आणि ते कडवं न गाता उठायचं नाही, मग मंडपात चार माणसं उरलेली असोत. बाराखडीच्या आधी आपण हे शिकलो. त्याच रीतीने तिने एक्स्प्रेसवेचं गाणं रचलं:

*डोक्यावरनं गेला रस्ता, खाली राहिलं गाव*
*गाडीवाल्या, काच उतर, विचार आमचं नाव*

आणि शेवटी, जे शेडमध्ये ती स्वतः तुमच्यात उभी राहून म्हणायची:

*घमेली वाहिली आमच्या डोक्यांनी, पाटीवर नाय नाव*
*सुनिता सांगे, ध्यानात ठेवा, लोधिवली हे गाव*

तुझी चाल, मनोजची गिटार, सगळं कबूल. पण शब्द तिचे. कंपनीच्या गाण्यात हे कडवं नाही आणि गीतकार म्हणून तुझं नाव आहे. सुरुवातीला मी मनाची समजूत घातली की कंपनीने कापलं असेल. पण हे ठरलं त्या रविवारी मी शेडमध्येच होते, दादा. तू म्हणालास, "शेवटचं कडवं सोडूया. ते आलं की कळतं हे कुणाचं गाणं. मग आपल्याला वर्षातनं एप्रिलमध्ये जयंतीलाच बोलावतील." आत्या कप विसळत होती. ती म्हणाली, "सोड रं. तुजा गळा, तुजं गाणं." आणि पुढच्या वेळी ती शेडवर आली नाही, गुडघ्याचं कारण सांगून.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मुंबईत खोली बघताना आडनाव सांगितल्यावर दोन ठिकाणी खोली अचानक भाड्याने गेली, आणि तिसऱ्या ठिकाणी तू लोधिवलीकर झालास, हे तू मला हसत सांगितलंस, पण मी हसले नव्हते. फोनवर हल्ली तू जयभीमच्या जागी हॅलो म्हणतोस, तेही मी ऐकते. तिथे शेजारी कोणीतरी असेल असं समजून घेते. मी स्वतः कुठे मोठी शूर आहे? पण घाबरायचं तर आपण आपलं घाबरावं. आत्याला का पुसायचं?

परवा संध्याकाळी शेडमागच्या शेतात आम्ही मडक्यात वालाच्या शेंगा भरून जाळावर पोपटी लावली. मडकं उतरेपर्यंत सदूने टेंपोतून कंपनीचं गाणं लावलं, कौतुकानेच. सगळे गात होते. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं, आणि शेवटच्यासाठी पोरांनी श्वास घेतला तर गाणंच संपलं. गजाची मुलगी म्हणाली, "आत्या, तुमचं नाव कुठं गेलं?" आत्या वालाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "लांबचा रस्ता हाय बाय, मधी कुटंतरी उतारलं आसंल." सगळे हसले. तीही हसली. मग गजाने स्वतःच्या फोनवर शेडमधलं लावलं, आणि पोरं शेवटचं कडवं अशी ओरडली की हायवेवरचं कुत्रं भुंकायला लागलं. नंतर भांडी घासताना मी तिला विचारलं, आत्या, तू दादाला सांगत का नाहीस? तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "माजं नाव माज्याच तोंडानं मागू व्हय?"

आता हे पत्र का लिहिलं ते. फोनवर शेवटी तू हळूच जे म्हणालास, ते मी ऐकलं होतं. शेडमधल्या गाण्यातलं आत्याचं नाव ऐकून सोमवारी कंपनीतला माणूस मला फोन करेल. त्याला सांगायचं की ते शेवटचं कडवं मागाहून कुणीतरी मशीनवर बनवून जोडलंय, त्या बाईचा आवाजही मशीनचाच आहे. तू म्हणालास, तू सांगितलंस तर त्याला पटेल, तुझ्या बोलण्यात खोट नसते. दादा, म्हणूनच मी ते सांगणार नाही. मी सांगणार की तालीम खरी आहे, मी उतरवलीय, कुंभिवलीच्या शेडमध्ये, आणि गाणं सुनिता आत्याचं आहे. गजा आणि मनोज माझ्या बाजूने आहेत. हे तुझ्या पाठीमागे करायचं नाही, म्हणून आधी तुला कळवतेय. सोमवारच्या आत तू स्वतः त्याला सांगितलंस तर मला याहून मोठं काही नको. नाही सांगितलंस, आणि त्याने विचारलं की ही बाई खरंच आहे का, तर मी फोन आत्याच्या हातात देणार आहे. तिला मी काहीही पढवणार नाही. ती कदाचित तुझ्यासाठी खोटं बोलेल, म्हणेल, मी नाय गायले, मला गाणं येत नाय. बोलू दे. बोलेल ती तिच्याच आवाजात.

तुझीच, न घाबरता लिहायचा प्रयत्न करणारी,
रिया