जन्माला रकाना नाही

माननीय अध्यक्ष, नियम समिती (म्हणजे झिपरे, तूच) यांस,

नमस्कार पदाला, कारण पद मोठे आहे. आणि आशीर्वाद माणसाला, कारण मी तुझ्याहून थोडी का होईना मोठी आहे, जे तू कॉलेजात कधीच मान्य केले नाहीस. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसशील, ते मला इथून दिसते. माझे ठीक आहे. रक्तदाब आहे, पण शिस्तीत आहे. मागच्या पत्रात तू लिहिलेस की निवृत्तीनंतर घर इतके नीटनेटके राहते की सकाळी उठून काय आवरावे असा प्रश्न पडतो. वाचून हसू आले. वसतिगृहातल्या आपल्या खोलीत मी मधोमध खडूने रेघ मारली होती, आणि तुझे मोजे रोज सकाळी सरहद्द ओलांडून माझ्या मुलखात आलेले असत. त्या मोज्यांचे घर आता नीटनेटके राहते म्हणजे जगात काहीही होऊ शकते.

आता कामाचे. तुझ्या समितीचे नवे नियम गेल्या वर्षी आमच्या प्राण्यांच्या आश्रयगृहात येऊन पोहोचले. नसबंदीचे ऑपरेशन झाल्याशिवाय एकही कुत्रे-मांजर बाहेर जाणार नाही. पिल्लू फार लहान असेल तर नेणाऱ्याने ते मोठे झाल्यावर ऑपरेशनला आणण्याचे लेखी वचन द्यायचे. किती आले, किती गेले, किती मेले, किती जणांचे ऑपरेशन झाले, याचा अहवाल दर महिन्याला पाठवायचा, आणि तो खोटा निघाला तर परवानगी रद्द. मी उभ्या उभ्या वाचले आणि मोठ्याने "शाबास!" म्हणाले. (कचेरीतल्या मंडळींना वाटले मला काहीतरी झाले. माझ्या तोंडून तो शब्द त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता.) आमच्या फाटकाला कोणीही यावे, पिल्लांची टोपली अडकवावी आणि घंटा वाजवून पळून जावे, हे मी किती वर्षे पाहते आहे. तेव्हा नियमांच्या मी पूर्ण बाजूने आहे, त्यांतले स्वल्पविरामसुद्धा मला पसंत आहेत. नवल एवढेच वाटले की ते तू लिहिलेस. तू!

रेक्टरबाईंचे पाहुण्यांचे रजिस्टर आठवते? खोलीत कोणीही उतरले की नाव, नाते, कारण आणि मुक्काम लिहायचा. आणि ती राखाडी मांजर न्हाणीघराच्या झरोक्यातून आली तेव्हा तिचे पोट पाहून मी म्हणाले की रेक्टरबाईंना ताबडतोब कळवले पाहिजे. त्यावर तू कमरेवर हात ठेवून मला विचारलेस, "फुटपट्टे, तुझ्या अंगात रक्त आहे की शाई?" आणि मी उत्तर जुळवते आहे तोवर खाली जाऊन रजिस्टरात लिहूनही आलीस. नाते: मावशी. कारण: प्रकृती नाजूक. मी कपाळाला हात लावला. तू म्हणालीस, "वाघाची ती मावशी, मग आपली नाही? वाघापेक्षा आपण काय कमी?" त्या दिवसापासून रोज संध्याकाळी रेक्टरबाई पेलाभर कोमट दूध वर पाठवू लागल्या आणि जिन्यात भेटल्या की मलाच विचारू लागल्या, "मावशींचं कसं काय?" मी आयुष्यात खोटे बोललेली नव्हते. मी म्हणत असे, "दूध पिऊन झोपल्यात." यात एक अक्षर खोटे नव्हते, तरी घाम फुटायचा.

पुढे मावशींनी बाळंतपणासाठी तुझ्या पसाऱ्यातली एकही मऊ वस्तू पसंत केली नाही. रेघ ओलांडून त्या माझ्या ट्रंकेत शिरल्या आणि माझ्या तर्कशास्त्राच्या टिपणांवर मोकळ्या झाल्या. (त्या वर्षी परीक्षेत मी सगळी उदाहरणे मांजरांचीच दिली. सर्व मांजरे मर्त्य आहेत, वगैरे. गुण चांगले पडले.) मग रेक्टरबाई अचानक खोलीत आल्या, ट्रंकेपाशी थांबल्या आणि कितीतरी वेळ आत बघत राहिल्या. मी मनातल्या मनात बिछाना गुंडाळला होता. तू मात्र निर्लज्जपणे म्हणालीस, "मावशींची मुलं आलीत, बाई." रेक्टरबाईंचा चेहरा इस्त्री केल्यासारखा होता, तो तसाच राहिला. "पाहुण्यांची मुदत परीक्षेपर्यंत. जाताना नोंद करा," एवढे बोलून त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून दुधाचे दोन पेले येऊ लागले. आता कधी कधी मला वाटते की आपल्या आयुष्यात एवढे न्याय्य शासन पुन्हा आले नाही.

हे सगळे आठवायला कारण घडले, तेच सांगते आहे. (मध्ये बोलू नकोस. तू पत्र वाचतानाही मध्ये बोलतेस, मला माहीत आहे.)

काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक तांबूस कुत्री आली. ऑपरेशन झालेल्या जनावराच्या कानाला छोटी त्रिकोणी खाच पाडतात, म्हणजे पुन्हा कोणी त्याचे पोट फाडत नाही, हे तुला ठाऊक आहेच. आमचे डॉक्टर हाताने चांगले, पण तोंडाने सतत स्वतःच्या दाढेविषयी बोलत असतात. दाढेचे वर्णन चालू असतानाच त्यांनी कुत्रीचा कान उचलला, "हिचं झालेलं आहे, पुढची आणा," म्हणाले, आणि मी अहवालात लिहिले: झालेले. खाली सही. माझी सही तू पाहिली आहेस, दुरूनही वाचता येते.

कुत्री माझ्या टेबलाखाली कागदांवर झोपू लागली म्हणून सगळे तिला कारकुनीण म्हणू लागले. मी म्हणत नसे, मी तिला "ऊठ" म्हणत असे. मी कुत्र्या-मांजरांना जीव लावणारी बाई नव्हे. मी त्यांची व्यवस्था पाहते. शिवाय आमच्या इमारतीत प्राणी पाळायला बंदी आहे आणि मला ती योग्यच वाटते. तर ही कारकुनीण फुगत चालली. मी निदान केले: चोरून खाते आणि हलत नाही. तिला अर्ध्या आहारावर ठेवले, सकाळ-संध्याकाळ अंगणाला फेऱ्या मारायला लावल्या आणि कोणी जादा घास घालायचा नाही असा हुकूम काढला. परिणामी जो तो तिला चोरून भरवू लागला. डॉक्टर स्वतःच्या डब्यातले देत होते, दाढ दुखते म्हणून. मी फेऱ्या वाढवल्या. ती माझ्याकडे अशा नजरेने पाही की मला तुझी आठवण येई.

आणि तपासणीचा दिवस उजाडला. निरीक्षक उंच, किडकिडीत, अतिशय सभ्य गृहस्थ, बॅगेचा पट्टा आधीच्या कुठल्यातरी आश्रयगृहात चावून निम्मा झालेला. माझा अहवाल वाचून म्हणाले, "बाई, इतका स्वच्छ अहवाल मी पाहिला नाही." मी नम्र व्हायच्या तयारीत होते, तोच मागच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातून कुईं असा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, "बिजागरी. तेल घालायला हवं." पुन्हा कुईं झाले. मग दोन आवाज एकदम. निरीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बिजागऱ्या फारच लहान वयाच्या दिसतात."

कपाट उघडले. आमच्या जुन्या अहवालांच्या गठ्ठ्यावर, म्हणजे मागल्या सगळ्या वर्षांच्या ऑपरेशनांच्या डोक्यावर, कारकुनीण पिल्ले चाटत पडली होती. डॉक्टरांनी तिचा कान उचलून यावेळी तोंड बंद ठेवून पाहिला. "अरेच्चा," म्हणाले, "हे माझ्या धंद्यातलं नाही. हे दातांचं काम आहे." (पुढे कोपऱ्यावरच्या खाटकाने सांगितले की त्याच्याच दुकानासमोर दुसऱ्या कुत्रीने तिचा कान फाडला होता, आणि चूक दुसरीची होती.)

खरी पंचाईत पुढे. झाला प्रकार लगेच अहवालात लिहायचा म्हणून मी पेन उघडले, तर तुझ्या नमुन्यात आले, गेले, मेले यांना रकाने आहेत, जन्मले याला नाहीच! तुझ्या समितीने गृहीत धरले की नियम केले म्हणजे प्रश्न मिटला. शेवटी पिल्ले "आले" मध्ये घातली. कोठून आले? मी लिहिले: आतून. कोणी आणले? आईने. निरीक्षक खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकले.

मग मात्र ते गंभीर झाले. म्हणाले, "बाई, तुमची चूक आहे, खोटेपणा नाही, हे मला दिसतंय. पण वरच्यांना फक्त कागद दिसतो." मी चूक माझ्या हाताने दुरुस्त करायची, आईचे ऑपरेशन करायचे आणि पिल्ले आपले आपण खाऊ लागली की त्या महिन्याच्या अहवालापूर्वी ती सगळी लेखी वचनावर घरोघर गेली पाहिजेत, कारण आम्ही आधीच भरलेले आहोत. एक जरी पिल्लू जास्तीचे उरले तरी परवानगी गेली, आणि आमची सगळी जनावरे नगरपालिकेच्या कोंडवाड्यात. त्यांत आंधळा बोका आहे, तीन पायांचा म्हातारा कुत्रा आहे. झिपरे, कोंडवाड्यात त्यांना मावशी कोण म्हणणार?

एवढेच कळवायचे होते. सवलत मी मागत नाही. ओळखीवर काम करून घ्यायचे नाही हे मी कॉलेजात म्हणत होते, आजही म्हणते. फक्त पुढच्या छपाईत जन्माला एक रकाना घाल. व्यायाम कर.

तुझी,
फुटपट्टी

ता. क. आईचे ऑपरेशन नीट झाले. डॉक्टरांनी दुसऱ्या कानाला स्वतः खाच पाडली आणि पाडताना दाढेचा विषय काढला नाही. पिल्ले आता आपले आपण खातात. एक खाटकाने नेले, एक डॉक्टरांच्या बायकोने, आणि एक निरीक्षकांनी. बॅगेचा उरलेला पट्टा त्याने गाडीत बसायच्या आत खाल्ला. राहिली आहे एक. अंगभर केस उभे, कशालाही जुमानत नाही, आणि लोकांचे मोजे पळवते. महिनाअखेरपर्यंत तिला घर हवे आहे. वचनाचा कागद सोबत जोडला आहे. सही कुठे करायची तिथे मी पेन्सिलीने फुली मारली आहे.

ता. क. २ तू म्हणशील, समितीच्या अध्यक्षांनी असे करणे शोभेल का. आपण वसतिगृह सोडले त्या सकाळी सामान टांग्यात चढत होते आणि तू माझी बाही ओढून वर बोट दाखवलेस. रेक्टरबाईंच्या खिडकीत, पडद्याच्या खाली, एक राखाडी शेपटी हलत होती. सगळे नियम त्यांनीच केले होते. त्यानंतर मी पुष्कळ नियम पाळले, पण मनापासून पाळले ते त्या शेपटीमुळे.

ता. क. ३ पिल्लू न्यायला स्वतः ये आणि माझ्या घरीच उतर. गुडघ्याचे कारण चालणार नाही, माझ्याकडे लिफ्ट आहे. मात्र लिफ्टमध्ये इमारतीचे चिटणीस भेटले आणि माझ्याकडच्या पाहुण्यांची चौकशी केली, तर "जेवून झोपल्यात" एवढेच सांग. कारकुनीण गेल्या आठवड्यापासून माझ्या पलंगावर आहे. इथेही रजिस्टर ठेवतात. नात्याच्या पुढे मी मावशी लिहिले आहे.