दाराआडची रायफल

१४ सप्टेंबर

रायफल घ्यायची. ठरलं! खरं तर जानेवारीतच घ्यायला हवी होती. बर्फाच्या वादळात नऊ दिवस वीज नव्हती. सातव्या दिवशी खालच्या रस्त्यावर एक पिकअप थांबला. अनोळखी. दोघं उतरले, आमच्या धुराड्यातल्या धुराकडे बघत उभे राहिले — आणि गेले. एवढंच. पण तेव्हापासून रोज रात्री दाराची कडी दोनदा बघते. शेरिफची गाडी इथवर यायला, रस्ता मोकळा असला तरी, पाऊण तास लागतो. वर टेकडीवर आम्ही नवरा-बायको दोघंच. त्यात वेंडेल हल्ली मोजे फ्रीजमध्ये ठेवतो.

१९ सप्टेंबर

बंदुकीच्या दुकानात गेले. मालकीण ग्वेन म्हणाली, "बाई, भीती कशाची ते आधी सांगा. रायफल मग सांगते."

"माणसांची."

"सगळे अस्वलाची म्हणतात! खरं बोलणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

भराभर गोळ्या सुटणारी काळी रायफल दाखवली. नको म्हटलं. घाबरले की मला भान राहत नाही, त्यात ती! शेवटी साधी बोल्टवाली घेतली. एक गोळी, बोल्टचा दांडा मागे ओढा, मग दुसरी. बोल्ट काढून घेतला की रायफल म्हणजे नुसती काठी. मध्ये विचार करायला तेवढीच उसंत. काडतूसही ग्वेनने असं निवडलं, की खाली पेट्रोल पंपावरच्या दुकानातसुद्धा मिळतं. "संकटात नखरेल काडतूस कुठून आणाल?" म्हणाली. पटलं.

२ ऑक्टोबर

दुर्बीण आली, पट्टा आला, नळीखाली लावायचा टॉर्च आला. मी स्क्रू घेऊन झटापट करत होते. वेंडेलने काही न बोलता हातातून पाना काढून घेतला. चाळीस वर्षं हरणांची शिकार केली त्याने. खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्या बंदुका विकल्या. पण हात विसरलेले नाहीत! "थोडं इकडे, थोडं तिकडे, असं आवळायचं, वर्ना. एकदम आवळलंस तर नेम चुकतो."

मग मागच्या कुरणात शंभर यार्डांवर नेम बसवला. माझ्या तीन गोळ्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत. "म्हातारे, मला मागे टाकलंस की!" किती महिन्यांनी असा हसला. आत जाऊन रडले.

१७ ऑक्टोबर

बाजारातून आले तर रायफलीची तिजोरी उघडी. रायफल टेबलावर टॉवेलवर, आणि वेंडेल तेल लावतोय. कुलपाचा नंबर कसा कळला?

"लग्नाची तारीख. दुसरा कुठला असणार?"

काडतुसं वेगळी ठेवली होती म्हणून बरं. नंबर बदलला.

२५ ऑक्टोबर

संध्याकाळी खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचंच तोंड दिसलं. "तो परत आलाय," म्हणाला. हातात चिमटा होता शेगडीचा. चिमट्याऐवजी रायफल असती तर? मला पुढचं लिहवत नाही.

मुलीला फोनवर सांगितलं, सगळं ठीक आहे. झाकली मूठ.

३ नोव्हेंबर

खालच्या घरातला ऑरिन आला. बसला नाही, हातमोजेही काढले नाहीत. "वर्ना, ती रायफल माझ्याकडे ठेव. वसंतापर्यंत."

इथे हे असंच चालतं. कुणाचं दारूचं वाढतं, कुणाचं पोर जातं, तेव्हा शेजारी येऊन बंदुका घेऊन जातो. कुलूप लावतो. ना प्रश्न, ना गावात चर्चा. ऑरिनची बायको सोडून गेली तेव्हा त्याच्या बंदुका वर्षभर आमच्याकडेच होत्या. मला काय ठाऊक नाही?

तरी फणकारलेच. "आणि मी काय करू? झाडू घेऊन उभी राहू?"

"मला हाक मार."

"तू टेकडी चढून येईपर्यंत माझं काय होईल?"

गेला बिचारा. खरं सांगायचं तर मला रस्त्याचीही भीती वाटते आणि वेंडेलचीही. कुठली जास्त, ते रोज बदलतं.

९ नोव्हेंबर

रेडिओवर सांगितलं — उद्या दुपारपासून बर्फाचं वादळ. सकाळपासून एक करडी गाडी रस्त्यावरून दोनदा गेली. तीच असेल? वेगवेगळ्या असतील? तिजोरीतून रायफल काढली, भरली, स्वयंपाकघराच्या दाराआड उभी केली. वेंडेल खुर्चीत डुलक्या घेत होता. बघितलं नसावं त्याने.

चूक करतेय का? वादळ सरलं की लगेच आत ठेवीन.

१० नोव्हेंबर

लाकडं आणून आत आले तर दार सताड उघडं. रायफल नाही. वेंडेल नाही. कोटही तसाच खुंटीवर. कुठे बघू, कुणाला हाक मारू, सुचेना.

तेवढ्यात फोन. ऑरिन. "घाबरू नकोस. इथे आहे, कॉफी पितोय. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात काढलेला बोल्ट, काडतुसं खिशात — असा चालत आला. कुलूप लावलंय मी."

"काय म्हणाला?"

ऑरिनने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "म्हणाला — हे ठेवून घे. माझ्या घरी एक बाई राहते. कोण आहे मला ठाऊक नाही, पण बिचारी सारखी घाबरलेली असते. तिच्या हाताशी हे नको."