पदरात पडलेले दोन बेडूक

४ मे, रविवार

गेली एकदाची बस. मॅडम तीन आठवडे आत्याकडे, पोहण्याच्या शिबिराला. आणि माझ्या पदरात दोन बेडूक!

खिडकीतून शेवटचं वाक्य काय, तर "काकू, थर्मामीटर बघत राहा." बाबांना टाटा, मला थर्मामीटर. वय वर्षं अकरा. लग्नाला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत नवऱ्याच्या या लेकीने मला तिच्या खोलीतली उशीसुद्धा हलवू दिलेली नाही. काल संध्याकाळी मात्र दोन्ही डबे उचलून माझ्या कामाच्या टेबलावर आणून ठेवले. म्हणाली, "बाबा घाबरतात. तुम्ही कराल का?" मी इतक्या घाईने हो म्हटलं की तिलाच संशय आला असणार.

बाबा खरंच घाबरतात. दिवसभर दहाव्या मजल्यावर लिफ्टच्या दोरांशी झटापट करणारा हा माणूस, बेडूक दिसला की सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो.

सूचना दोन पानं, पाठपोट. वाचून झोपते. या परीक्षेत नापास होऊन चालणार नाही. पुन्हा संधी मिळेल असं वाटत नाही.

५ मे, सोमवार

आज नीट ओळख करून घेतली. शिंगवाले बेडूक म्हणतात, पण शिंगं कसली, डोळ्यांवर नुसती दोन टोकं. अजून पिल्लंच आहेत, अर्ध्या लिंबाएवढी. आत्याने वाढदिवसाला घेऊन दिलेली. हिरव्याचं नाव इन्स्पेक्टर, कारण भुवया सतत चढलेल्या. तपकिरी तो ठोंब्या. ठोंब्या दिवसभरात एकदा हलला. मी घड्याळात बघून लिहून ठेवलं — चार वाजून दहा मिनिटं, उजवा पाय.

दोन्ही डब्यांत ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात दोघं आपापल्या डब्यात मानेपर्यंत गाडून घेतात. पाणी नळाचं थेट नाही, बादलीत एक दिवस ठेवलेलं. उष्णता सव्वीसच्या आसपास. जेवायला गांडुळं. एवढंच तर आहे. उगाच घाबरले होते.

७ मे, बुधवार

पहिलं जेवण!

माझ्या टेबलावरच वाढलं. दिवा चांगला आणि बारीक चिमटे हाताशी. मी दात करते. म्हणजे डेंटिस्टबाई पेशंटच्या जबड्यांची मापं पाठवतात आणि मी मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवते. वीस वर्षं चिमट्याने एकेक दात मेणात बसवलाय, गांडूळ काय चीज आहे. कॅल्शियमच्या पावडरीत घोळवलं, नाकासमोर हलवलं. इन्स्पेक्टर चिमट्यासकट गिळायला निघाला. मी जोरात किंचाळले. नवरा बाहेरून ओरडला, "सुटला का? सुटला का?" आत यायची काही हिंमत नाही.

संध्याकाळी फोन. "जेवले?" जेवले. "किती?" दोघांना एकेक. "पावडर लावली?" लावली. "मग बरोबर."

मग बरोबर! डेंटिस्टबाईंनी वीस वर्षांत एवढं कौतुक केलं नाही. खोटं कशाला बोलू, पाणी आलं डोळ्यांत.

९ मे, शुक्रवार

इन्स्पेक्टरने बोट धरलं. सोडायला दोन मिनिटं लावली. तेवढ्यात भिंगातून बघून घेतलं. वरच्या जबड्यात बारीक दातांची रांग, खाली पुढे दोन टोकं. चावा एकदम नीट बसतो. माझ्या पेशंटांपैकी निम्म्यांचा बसत नाही.

११ मे, रविवार

आज धांदल. डेंटिस्टबाईंचा फोन, आजोबांची कवळी बोलताना टकटक वाजते, उद्या त्यांच्या नातीचा समारंभ, आजच करून द्या. सुट्टी गेली. प्लास्टर कालवलं, साचा ओतला, तेवढ्यात आठवलं, बेडकांचं जेवण!

इन्स्पेक्टर तोंड वाकडं करून कात काढत बसला होता. स्वतःची कात ओढून ओढून स्वतःच खात होता. आपण काही दिलं तर ढुंकून बघेना. ठोंब्याने एक मोठं गांडूळ घेतलं आणि डोळे आत ओढून गिळलं. शहाणा माझा तो.

आजोबांची कवळी सात वाजता गेली.

१२ मे, सोमवार

काय करून बसले मी!

सकाळी टेबल आवरत होते. काल गांडूळ ज्या बशीत घोळवलं, ती तशीच राहिली होती. धुवायला घेतली तर तळाशी पांढरा थर. नखाने खरवडला, निघेना. चमच्याने टोचला, टणक. कॅल्शियमची पावडर अशी दगड होत नाही. दगड होतं ते प्लास्टर.

माझी खोड. क्रीमची रिकामी बरणी मी कधी टाकत नाही. घासून पुसून काहीतरी भरून ठेवते. प्लास्टर तसल्याच बरणीत, मॅडमने दिलेलं कॅल्शियमही तसल्याच बरणीत, दोन्ही टेबलाच्या एकाच कोपऱ्यात. काल घाईत हात चुकला. पाणी लागलं की दहा मिनिटांत घट्ट होणारी पावडर मी त्या मुलीच्या बेडकाला खायला घातली. दुसरं कुणी असतं तर म्हणता आलं असतं, माहीत नव्हतं.

ठोंब्या नेहमीसारखाच बसलाय. हलत नाही. पण तो कधी हलतो?

दुपारी डबा छातीशी धरून जनावरांच्या डॉक्टरकडे. बाहेर रांगेत सगळी कुत्री, त्यात मी. डॉक्टर म्हणाले, "बेडूक माझ्या टेबलावर कॉलेजनंतर पहिल्यांदा येतोय. आणि जिवंत तर पहिल्यांदाच." मग माझा चेहरा बघून गंभीर झाले. पोट चाचपलं. एक बारीक खडा हाताला लागतो म्हणाले. रोज दोन वेळा कोमट पाण्यात अर्धा तास बसवायचं, पाणी कमरेच्या वर नको, आणि बोटाने पोट हलकेच चोळायचं. खायला काही नाही. "शी झाली की सुटलात. आठ-दहा दिवसांत नाही झाली तर मग माझ्याही हातात फारसं काही नाही."

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिला बोलू नकोस. मेलाच तर दुकानातून तसलाच दुसरा आणू. तिला काय कळणार आहे?"

मी त्याच्यावर चिडले. आणि तासाभराने दुकानात फोन केला. हो, केला. इथे तरी खरं लिहू दे. दुकानदार म्हणाला, तपकिरी एक आहे, तेवढाच.

१३ मे, मंगळवार

तिचा फोन. "दोघं मजेत?"

"मजेत."

१४ मे, बुधवार

सकाळ-संध्याकाळ आंघोळ. ठोंब्या पसरट वाडग्यात बसून माझ्याकडे बघतो. त्याचा माझ्यावर काही राग नाही. हेच सहन होत नाही.

कालचं ते "मजेत" दिवसभर डोक्यातून जाईना. तिने आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्यावर काही सोपवलं, आणि मी दुकानात तसल्याच बेडकाची चौकशी करतेय. ठरवलं, आज सांगायचं. मग ती माझ्याशी जन्मात बोलली नाही तरी चालेल. चालणार नाही, पण सांगायचं.

सांगितलं. तिकडून —

"कुठली पावडर?"

"दातांचं प्लास्टर."

"ते घट्ट होतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही गं."

"काल मजेत म्हणालात."

"खोटं बोलले."

फोन ठेवला. तिने.

१५ मे, गुरुवार

फोन नाही. शी नाही.

१६ मे, शुक्रवार

फोन आला, बाबांना. माझ्यासाठी सूचना, बाबांमार्फत. मी शेजारीच उभी, तरी बाबांमार्फत! "पाणी बादलीतलंच वापरतात का विचार." वापरते. "वापरते म्हणते." "गार झालं की बदलतात का?" बदलते. "बदलते म्हणते." शेवटी तो वैतागला, "अगं, मी काय टपालखातं आहे का, तूच बोल तिच्याशी." त्यावर तिकडून काय उत्तर आलं, त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१८ मे, रविवार

आज आश्चर्य. माझ्या हाताला प्लास्टर लागलेलं, आंघोळीची वेळ टळत होती. नवरा दारात येऊन उभा. म्हणाला, "किती वेळ चोळायचं?" आणि एक बोट पुढे केलं, डोळे घट्ट मिटलेले, तोंड भिंतीकडे. अर्धा तास चोळलं. ठोंब्याला बहुतेक आवडलं, त्याने एक डोळा मिटला. नंतर याने साबणाने तीनदा हात धुतले, आणि संध्याकाळच्या आंघोळीला पुन्हा स्वतःच हजर. मला याच्याशी लग्न केल्याचा फार आनंद झाला.

डेंटिस्टबाईंनाही कळलंय. काल मापं पाठवताना चिठ्ठीवर पेशंटच्या नावाखाली लिहिलं होतं — "झाली का?"

नाही झाली. सात दिवस झाले. पोट जरा फुगल्यासारखं वाटतं. की मला तसं दिसतंय? फूटपट्टी लावून बघितली, काल तेवढंच होतं. बहुतेक.

१९ मे, सोमवार

मला भीती वाटते. डॉक्टरांना फोन केला. "थांबा" म्हणाले. थांबण्याखेरीज काय करतेय मी!

२० मे, मंगळवार

झाली! झाली! झाली!

सकाळच्या आंघोळीत, पंचविसाव्या मिनिटाला. मी नवऱ्याला हाक मारली, तो अर्ध्या दाढीचा फेस घेऊन पळत आला, आणि आम्ही दोघं वाडग्यावर वाकून उभे. चिमट्याने उचलून धुतली, भिंगाखाली धरली. आत पांढरा खडा, मुगाच्या दाण्याएवढा, गुळगुळीत. आयुष्यात इतके साचे ओतले, एवढा सुबक एकही निघाला नाही.

कधी एकदा तिला कळवते असं झालं. बाबांमार्फत वगैरे काही नाही, सरळ लावला फोन. म्हटलं, "झाली." ती म्हणाली, "फोटो पाठवा." पाठवला. परत फोन. "खडा पूर्ण आहे का तुटलेला?" पूर्ण. "कडेने खरखरीत?" नाही, गुळगुळीत. "मग बरोबर." आणि ठेवला.

डेंटिस्टबाईंना चिठ्ठी — "झाली."

२२ मे, गुरुवार

ठोंब्याला पहिलं गांडूळ, छोटं. पावडरीशिवाय. मग डॉक्टरांना विचारून पावडरीसह. टेबलावरच्या सगळ्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या. नवऱ्याने उत्साहाच्या भरात साखरेच्या बरणीलाही लावली, "बेडकांसाठी नाही."

२४ मे, शनिवार

मॅडम आल्या. उन्हाने काळवंडलेल्या, दोन इंच उंच झालेल्या. चपला न काढता थेट माझ्या टेबलापाशी. ठोंब्याला तळहातावर घेतलं, उलटा केला, पोट दाबून बघितलं. इन्स्पेक्टरचं तोंड बघितलं. थर्मामीटर बघितला. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. मी परीक्षकासमोर उभी असल्यासारखी हात पुसत उभी.

दोन्ही डबे उचलले आणि खोलीत. दार बंद. जेवताना बाबांना शिबिराच्या गमती सांगत होती, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. टेबल रिकामं दिसतंय. वाईट वाटलं, फार वाटलं. पण बेडूक जिवंत आहे आणि मी खरं बोलले, एवढ्यावर समाधान मानायचं ठरवलंय.

२५ मे, रविवार

सकाळी मेण तापवत होते. ती आली, स्टुलावर बसली. चिमटा उचलून परत खाली ठेवला. मग म्हणाली, "काकू, तीन होते."

आत्याने तीन घेऊन दिले होते. एकेकटे कंटाळतील म्हणून दुसऱ्याच दिवशी हिने तिघांना एका डब्यात ठेवलं आणि शाळेत गेली. परत आली तेव्हा दोन होते. हे बेडूक एकमेकांना खातात, हे तिने त्यानंतर वाचलं. बाबा डब्याजवळ फिरकले नव्हते आणि तिने कुणालाच सांगितलं नाही. "या तीन आठवड्यांत आत्या रोज विचारायची, तिघं कसे आहेत. मी म्हणायचे, मजेत."

मेण गार झालं. तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो राहू दिला.

मग नाक पुसून म्हणाली, "आत्याला आता फोन करणार आहे. तुम्ही शेजारी बसाल का?"

बसले.