दुमड न घातलेला शर्ट आणि इतर मालमत्ता

मी, रागिणी चंदन बोचरे, वय २९, धंदा शर्ट शिलाई, राहणार अकोला, हा कागद कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी प्रकृती ठीक आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

तब्येत चांगली असताना घाई कशाला, असे वकिलांनी विचारले. माझे पती चंदन तेहतिसाव्या वर्षी तापाने गेले, त्यांनी काही लिहून ठेवले नव्हते. मला मूल नाही. मी काही न लिहिता गेले तर कायद्याप्रमाणे माझे सर्व सासूबाई मैनाबाई यांच्याकडे जाईल. त्या बाजारात भाजी विकतात. मी हे सांगायला गेले तेव्हा त्या पालकाच्या जुड्या बांधत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माह्याकडं आलं त मी इपुललेच देईन, बाई. पोटचा हाय. तू लिहूनच ठेव." विपुल म्हणजे माझा दीर. सासूबाईंचा सल्ला मी मानला.

कलम १. दुकानाचा गाळा भाड्याचा आहे. तो माझा नाही, म्हणून कोणाला देता येत नाही. 'चंदन शर्ट्स' ही पाटी माझी आहे. ती नणंद करिश्मा हिला द्यावी.

कलम २. शिलाई मशीन, ओव्हरलॉक, काजाचे मशीन, कापायचे सागवानी टेबल आणि सर्व कात्र्या करिश्माला. बिले माझ्या नावाची आहेत. चंदनच्या तेराव्याचे जेवण झाल्यावर विपुल म्हणाला होता, "वहिनी, या मशिनी इकून टाका. इथं मोबाइलचं दुकान चालन." त्याला उत्तर तेव्हा दिले नव्हते. ते हे आहे.

मोठ्या कात्रीने कागद कापू नये. करिश्माला हे माहीत आहे, पण शेजारच्यांना नाही.

कलम ३. भिंतीवरचे, कापड बेतायचे पुठ्ठ्याचे फर्मे करिश्माला, पुढील सूचनेसह. अमरावतीला डिप्लोमा करताना आम्हाला सगळी मापे उभ्या माणसाची शिकवली. अकोल्यात आल्यावर दिसले की इथली बरीच माणसे दिवसभर बसून असतात: भाजीच्या ढिगामागे, मोटारसायकलवर, बँकेच्या खिडकीत. म्हणून शर्टाचा खालचा घेर ठरवण्याआधी गिऱ्हाइकाला तो कामावर बसतो तसे बसवावे. मूर्तिजापूरचे खुशालराव शेतकरी आहेत. मुलगा घालतो तसा अॅपल कट, म्हणजे खाली गोल घेर, त्यांना हवा होता. मी खाली बसायला सांगितले तर म्हणाले, "मी शर्ट शिवाले आलो का कवायत कराले?" नमुन्याचा गोल घेराचा शर्ट घालून बसले, तेव्हा बाजूने कंबर उघडी पडली. त्यांनी स्वतःच सरळ घेर सांगितला. तेव्हापासून ते दुकानात आले की आधी बसतात.

शर्ट आत खोचणार असेल तर गोल घेर, मागचा भाग लांब. गोलाईवर दुमड बारीकच घ्यावी, रुंद घेतली की चुण्या पडतात. बाहेर सोडणार असेल तर सरळ घेर आणि रुंद दुमड, म्हणजे कापड नीट खाली लोंबते. जमिनीवर बसणाऱ्याला सरळ घेरासोबत दोन्ही बाजूंना चाक ठेवावेच. चाक म्हणजे बाजूच्या शिलाईत खाली सोडलेली चीर. ती नसेल तर बसल्यावर सगळा ताण पोटावरच्या बटणांवर येतो. सुती कापड आधी पाण्यातून काढावे. गिऱ्हाइकाने सगळे ऐकूनही वेगळे मागितले तर त्याला हवे ते द्यावे. शर्ट त्याचा आहे.

कलम ४. एक दुरुस्ती. चंदन गेल्यानंतर मी चांदूर बाजारला माहेरी होते. तेव्हा कौंडण्यपूरच्या यात्रेसाठी एका भजनी मंडळाच्या शर्टांचे काम विपुलने दुकानाच्या नावावर घेतले आणि बाहेरून शिवून आणले. सरळ घेर, चाक नाही. करिश्माने विचारले तेव्हा तो म्हणाला, "चाक कोण पाह्यते?" मंडळी भजनाला बसली आणि बटणे तुटली. करिश्मा कात्री घेऊन तिकडे गेली, मंडपामागे बसून तिने एकेका शर्टाच्या बाजू उसवल्या आणि चाक काढून दिले. विपुलने मंडळाला सांगितले की फर्मा वहिनीचा होता.

तो फर्मा माझा नव्हता. मंडळ पुन्हा आले नाही. विपुलशी मी तेव्हापासून बोललेली नाही.

कलम ५. बँकेतील ठेव माझी आई शकुन आणि सासूबाई मैनाबाई यांना निम्मी निम्मी. दागिने आईला. सासूबाईंनी त्यांचा वाटा कोणालाही द्यावा. त्यावर माझी अट नाही.

कलम ६. कपाटात बदामी रंगाचा एक सुती शर्ट हँगरला आहे. तो मी चंदनसाठी शिवला. कॉलर, बाह्या, काज-बटणे झाली आहेत. खाली दुमड घातलेली नाही, कारण आत खोचायचा की बाहेर सोडायचा हे त्यांचे ठरत नव्हते. बुधवारी सांगतो म्हणाले होते. सोमवारी ताप आला.

हा शर्ट विपुलला द्यावा. त्याचा खांदा तेवढाच आहे. मी माप घेतलेले नाही, नजरेने कळते. मात्र शर्ट घरी पाठवू नये. विपुलने दुकानात यावे, घरी जेवायला बसतो तसे खाली बसावे, आणि घेर कसा हवा ते स्वतः सांगावे. करिश्माने खडूने खूण करून तसा शिवून द्यावा. तो आला नाही तर शर्ट आहे तसा राहू द्यावा.

कलम ७. या कागदाची अंमलबजावणी माझी अमरावतीची वर्गमैत्रीण सीमा हिने करावी. तिने होकार दिला आहे.

सही करण्यापूर्वी हा मजकूर मी सासूबाईंना वाचून दाखवला. कलम ४ त्यांनी मान खाली घालून ऐकले. कलम ६ दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "त्याले बसवाले तुले मराच लागते काय?"

मी त्यांना मजकुरात बदल हवा आहे का, एवढे विचारले. त्या म्हणाल्या, "इपुलले मी सांगतो. तू फकस्त दुकान उघडं ठेव."

म्हणून कलम ६ ला पुढील भर घालते: विपुल माझ्या हयातीत दुकानात आला आणि खाली बसला, तर खडूची खूण मी स्वतः करीन. त्या दिवसापासून कलम ६ रद्द समजावे. कलम ४ राहील.

वरील मजकूर मी वाचला आहे. तो बरोबर आहे.

सही: रागिणी चंदन बोचरे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांना या कागदाने काही मिळत नाही:
१. कुलदीप, दोरा-बटणांचे व्यापारी, अकोला. (सही)
२. माणिकबाई, शेजारच्या फुलांच्या दुकानाच्या मालक, अकोला. (सही)

ठिकाण: अकोला
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५