घाट सोडून सहा वाटा

११ ऑगस्ट

चि. भोंग्यास,
अ. आ. वि. वि.

अक्षरावरून ओळखलं असशील आणि पाकीट दोन मिनिटं नुसतं हातात धरून बसला असशील. घाबरू नकोस, आम्ही दोघी धडधाकट आहोत. फोन करणार होते, पण फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो. त्यापेक्षा हे बरं.

बातमी अशी, की तुझी भाची पास झाली. डोळे तपासायच्या कोर्सला पहिल्या पाचांत आली. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला दारात उभं करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावते, गॅसवालासुद्धा सुटला नाही. मी विचारलं, बक्षीस काय हवं. वाटलं, घड्याळ मागेल. बाईसाहेबांनी धबधबा मागितला, तोही तुझ्या गावाजवळचा. मी म्हटलं, जगात दुसरीकडे पाणी पडत नाही का? तर म्हणाली, आपण निघालो होतो आणि पोचलो नाही असं हे एकच ठिकाण आहे.

बारा वर्षांपूर्वी निघालो तेव्हा आपण चौघं होतो. हे गेले, आणि उरलेले आपण एकमेकांना भेटायचेही थांबलो. त्या दिवसाबद्दल मी लिहीत नाही, तूही लिहू नकोस. फक्त यायचं कसं ते कळव. एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत बसून दिवसभर जगाला वाट दाखवतोस, एक दिवस बहिणीलाही दाखव. मला चार दिवस सुट्टी मिळेल. शर्टाच्या कारखान्यात तपासणीच्या शेवटच्या टेबलावर मी नसले की एका बाहीचे शर्ट बाजारात जातात, असं आमचे सुपरवायझर म्हणतात. म्हणून चारच.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझा लोभ आहे तिथंच आहे.

तुझी,
ताई


१८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन मिनिटं कसली, पाकीट दुपारपर्यंत खिशात होतं. खारूला माझी शाबासकी सांग. माझ्या खिडकीवरची निम्मी गिऱ्हाइकं तिच्याकडे पाठवायला हवीत. डोक्यावर हात-हात उंच अक्षरांत वेळापत्रक लावलंय, आणि त्याच्याच खाली उभं राहून विचारतात, गाडी कितीला आहे.

आता वाटा सांगतो, नीट वाच. विमानानं पाऊण तासात याल, पण विमानतळ डोंगराच्या पार पलीकडे, तिथून टॅक्सीत चार तास अंग शेकून निघेल. एक्सप्रेस गाडी चांगली. मात्र जंक्शनला उतरू नका, आणखी दोन स्टेशनं पुढे जा. तिथून वळसा घालून येणारी बस साडेपाच तास घेते, पण रस्ता ताटासारखा सपाट आहे. पॅसेंजरही तिथंच सोडते, फक्त ती वाटेत कुणी हात केला तरी थांबते असा माझा संशय आहे. आरामबस दक्षिणेकडून येते. चौदा तास, आणि तिच्यातला सिनेमा बंद करायची सोय नाही. शिवाय धरणापर्यंत साधी बस आणि पुढे लाँच अशीही एक वाट आहे. लाँचवाला माझा दोस्त. इंजिन बंद पडलं की गाणी म्हणतो, आणि त्याची बरीच गाणी पाठ आहेत. लाँचची भीती वाटली तर धरणाच्या काठाकाठानं पायवाट आहे, खारू उड्या मारत येईल, तुझं मला सांगता येत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत या. तोवर धबधबा भरलेला असतो, मग बारीक होत होत नुसती दोरी उरते. सहापैकी कुठली वाट घेतेस ते कळव, तिकिटांचं मी बघतो.

खिडकी उघडायची वेळ झाली. राग असला तर असू दे, लोभ तेवढा राहू दे.

तुझा,
भोंग्या


२६ ऑगस्ट

चि. भोंग्यास,
अ. आ. वि. वि.

तुझ्या सहा वाटा खारूनं नकाशावर रंगीत पेन्सिलींनी काढल्या. नकाशाचं भरतकाम झालंय. विमानाला माझी ना नाही, पण चार तास टॅक्सीत बसायचं तर वर उडायचं कशाला? लाँचवाल्या दोस्ताला नमस्कार सांग, मला पोहता येत नाही आणि गाणीही फारशी आवडत नाहीत.

पण भोंग्या, माझं काम काय ते तू विसरलास. दिवसाला सहाशे शर्ट हाताखालून जातात. शर्टावर जे आहे ते मी बघतच नाही, जे नाही ते बघते. सगळं जग जंक्शनला उतरतं आणि घाटातून तीन तासांत तुझ्या दारात येतं. आमच्या कारखान्यातल्या चहावाल्यालासुद्धा ती वाट माहीत आहे. तुझ्या सहाच्या सहा वाटा त्या घाटाला वळसा घालतात. चौकशीच्या माणसानं मुख्य रस्ताच गाळावा, हे काही नजरचुकीनं होत नाही.

त्या दिवसाबद्दल लिहू नकोस असं मीच म्हटलं होतं. तो शब्द मागे घेते. का गाळलास ते लिही. आणि हेही लिही, की हल्ली तू गाडी चालवतोस का?

उत्तराची वाट बघते. माया कमी झालेली नाही, हे ध्यानात ठेवून लिही.

ताई


२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. ती वाट मी दिवसातून चाळीस वेळा लोकांना एका दमात सांगतो. तुला लिहायला बसलो आणि हात पुढे जाईना. मग वळसे सुचत गेले.

गाडी चालवत नाही. त्या दिवसानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. डेपोनं परत बसवर घ्यायची तयारी दाखवली होती, मीच खिडकी मागून घेतली. लायसनची मुदत मात्र दर वेळी वाढवून आणतो, कशासाठी ते मलाही सांगता यायचं नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर हिंमत नव्हती. घाटात मला डुलकी लागली आणि दाजी गेले. जबाबात तेच सांगितलं, आजही तेच सांगेन. तुझी माफी कधी मागितली नाही, कारण मागितली असती तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. तेवढंही ओझं तुझ्यावर नको वाटलं.

माझं ऐक, विमानानं या. मी समोर नको असेन तर मी माझ्या खिडकीतच बसेन. तुम्ही पाणी बघा आणि परत जा, मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी सोसेन.

आशीर्वाद असू द्यावा.

भोंग्या


९ सप्टेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्या दिवशी आई कामावर गेली नाही. ताप असतानाही जाणारी बाई दिवसभर खिडकीशी बसून राहिली. त्यानंतर तीन-चार दिवसांत तिनं दोनदा विमानाची तिकिटं काढून रद्द केली आणि एकदा आरामबसची. आमच्या गल्लीतला तिकीटवाला मला बघून दुकानाचं शटर ओढायच्या बेतात असतो.

मी तुला एक विचारणार आहे, चिडू नकोस. मी तेव्हा आठ वर्षांची होते. घाटाच्या पायथ्याशी आपण चहाला थांबलो होतो. तू दोन खुर्च्या जोडून आडवा झाला होतास, तुझे पाय खाली लोंबत होते, मला फार हसू येत होतं. मग तू उठलास आणि आपण निघालो. आईला वाटतं मी तेव्हा गाडीत झोपले होते, पण मी काचेतून बघत होते. तुला कुणीतरी उठवलं. मला फक्त पाठ दिसली होती आणि ती कुणाची ते मला नक्की सांगता येत नाही. मामा, तुला कुणी उठवलं?

आईला विचारलं तर ती पोळपाट घेऊन मागे लागेल, म्हणून तुला विचारते. खरं लिही.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
खारू


१४ सप्टेंबर

चि. खारूस,
अ. आ.

मला कुणी उठवलं नाही. माझी झोप झाली आणि माझा मी उठलो. आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात अशा गोष्टींचा घोळ होतो, त्यात तुझी काही चूक नाही. तो विषय आता पुन्हा काढायचा नाही, आईजवळ तर मुळीच नाही. नोकरी शोध, डोळे तपास, आणि माझे तपासायला लवकर ये.

सुखी राहा.

मामा


२० सप्टेंबर

चि. भोंग्यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र खारूनं माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि भांडी घासायला निघून गेली. न सांगता भांडी घासतेय म्हटल्यावर मला कळलं, की काहीतरी गंभीर आहे.

तू तिला खोटं लिहिलंस. तुला मी उठवलं.

रात्रभर बस चालवून तू तसाच शहरात आम्हाला न्यायला आला होतास. पायथ्याशी म्हणालास, अर्धा तास पडू दे. हेसुद्धा म्हणाले, पडू दे त्याला. मला उजेडात पोचायचं होतं. मी म्हटलं, रोज पन्नास माणसं नेणारा ड्रायव्हर तीन माणसांना नेताना कसा काय दमतो. सगळे हसले. तूही हसलास, आणि उठलास.

पोलिसांनी विचारलं तेव्हा तू सांगितलंस, की झोप पुरेशी झाली होती. मी शेजारच्या बाकावर हात गळ्यात बांधून बसले होते. मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. मग माणसं भेटायला आली. मला बिचारी म्हणाली, तुला नाही नाही ते म्हणाली, आणि मी तेही ऐकून घेतलं. बारा वर्षं सगळ्यांना वाटतंय, की ताई भावाचं तोंड बघत नाही. अरे, रागावले असते तर केव्हाच येऊन, भांडून मोकळी झाले असते. मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. आजही वाटते. खारूला काल सगळं सांगितलं. ती माझ्या कुशीत येऊन झोपली. अजून पुरतं बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

आता वाट ठरवली आहे. एक्सप्रेसनं जंक्शनला उतरणार आणि घाटातून येणार. बसनं नाही. गाडीनं, आणि ती तू चालवायचीस. हा हुकूम नाही, हुकूम करून एकदा काय झालं ते मला माहीत आहे. तुला जमणार नसेल तर स्पष्ट नाही म्हण. मग खारूच्या नकाशातली तुला आवडेल ती वाट घेऊ, लाँचसुद्धा चालेल.

मला माफ करता आलं तर कर. नाही आलं तरी मला तुझी बहीण राहू दे.

ताई


२८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी खिडकीवर मी लोकांना काय काय सांगितलं देव जाणे. एका कुटुंबाला धबधब्याऐवजी साखर कारखान्यात पाठवलं. ते परत येऊन भांडून गेले.

तू उठवलंस हे खरं. पण मी मोठा माणूस होतो, चावी माझ्या खिशात होती, नाही म्हणता आलं असतं. तुझ्यासमोर दमलो म्हणायला लाज वाटली. त्याला तू काय करणार? तेव्हा निम्मं तुझं, निम्मं माझं असं करून टाकू. मला अख्खं उचलायची सवय झालीय, निम्मं किती हलकं लागतं ते बघायचंय. माफीचं म्हणशील, तर मी तुझ्यावर कधी रागावलोच नव्हतो. मला तुझी फक्त आठवण यायची.

डेपोतले जुने उस्ताद, ज्यांनी मला पहिल्यांदा बस शिकवली, त्यांना गाठलं. पहिल्या दिवशी आवारातच चारदा गाडी बंद पाडली. ते शेजारी शेंगा खात बसले. चौथ्या दिवशी घाटात गेलो. त्या वळणाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, उतरलो, पोटभर रडलो, परत बसलो आणि खाली जंक्शनपर्यंत गेलो. काल एकटा गेलो आणि एकटा आलो. येईन मी.

शनिवारी सकाळी सातला स्टेशनबाहेर उभा असेन. गाडी उस्तादांची, पांढरी आहे. आदल्या दिवशी सुट्टी टाकून झोपणार आहे, साहेबांना अर्जात कारणही तेच लिहिलंय. तुम्ही दोघी मागे बसा. दाजी बसले होते त्या पुढच्या सीटवर मी सामान ठेवीन, म्हणजे तुला रिकामी बघावी लागणार नाही. आणि ऐनवेळी मन फिरलं तर समोरच घाटाची बस लागलेली असते. मला काही सांगत बसू नकोस, सरळ तिच्यात चढ. मी मागून सामान घेऊन येईन.

भेटीची ओढ आहे, एवढंच लिहितो.

भोंग्या


२ ऑक्टोबर

चि. भोंग्यास,
अ. आ.

पत्र मिळालं. घाईत आहे, खारू बॅग भरते आणि मी उपसते असं चाललंय. शनिवारी सातला पोचतो. सामान मागे खारूजवळ ठेव. पुढे मी बसणार आहे.

ताई