निळा मफलर आणि ओगराळं

महाड,
१९ जानेवारी २०२५

चि. अश्वजितास,
निशाताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आबांचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे, म्हणून त्यांना आलेलं तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. चार पानांत आईच्या गुडघ्याची चौकशी एका ओळीत, बाकी सगळा फुटबॉल. तोही जर्मनीतल्या चौथ्या श्रेणीतल्या संघाचा, जो सलग सहा सामने हरलाय. त्यांची हार बघायला तू पाच तास रेल्वेने परगावी जातोस, पावसात उघड्यावर उभा राहतोस आणि पाच तास परत येतोस. कुडपणच्या लग्नात थंडी वाजते म्हणून मांडवातून उठून गाडीत जाऊन बसलेला तूच ना?

आता मुद्द्याचं. वीस मार्चला चवदार तळ्यावर येणाऱ्यांसाठी आपल्या दारात पाण्याचा रांजण असतो, तो यंदाही असेल. पण आबांचा हात आता कापतो. मी म्हटलं, यंदा ओगराळ्याने पाणी मी देते. आबा म्हणाले, माजा पोरगा येल नि देल. चौदा वर्षं हंडे मी भरते, रांजण मी घासते, ग्लास मी विसळते. ओगराळं मात्र आबांच्या हातात आणि त्यांच्यानंतर तुझ्या. मुळात रांजण मांडला कोणी? सोनाबाई आजीने. तेव्हा बाईने पाणी दिलेलं चाललं, आता तिच्या नातीने दिलेलं चालत नाही. मला याचा राग येतो आणि वाईटही वाटतं.

तू रजा नाही म्हणतोस, मग फुटबॉलला कुठून मिळते? एकतर ये, नाहीतर येत नाही असं आबांना लिहून कळव. फोनवरचं ते ऐकतात, पण मानत नाहीत. पस्तीस वर्षं पोस्टमनकी केलेला माणूस, पाकिटातून आलेलंच त्यांना खरं वाटतं.

लोभ आहे, उत्तर आलं तर टिकेल.
तुझी,
निशाताई

जर्मनी,
१० फेब्रुवारी २०२५

ती. निशाताईस,
अश्वजितचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान गरम झाले, इथल्या थंडीत तेवढाच उपयोग. सामने शनिवारी असतात, त्यांना रजा लागत नाही. रजा मी मे महिन्यात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवली आहे. तेव्हा मार्चात येणं होणार नाही.

परवाच्या सामन्याला कारखान्यातले सोबती आधीच्या गाडीने गेले, मी मागाहून पोचलो. गळ्यात आईने दिलेला निळा मफलर. चौदा एप्रिल असो की नोकरीची मुलाखत, मोठ्या दिवशी आपण निळंच घालतो. आमचा संघ लाल आणि ज्यांच्या गावी गेलो ते निळे, हे डोक्यातच आलं नाही. फाटकावरच्या माणसाने मफलर पाहिला आणि मला पाहुण्यांच्या कुंपणाकडे न सोडता गावकऱ्यांच्या बाजूला पाठवलं. मी तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये समजावलं तर तो नुसता हसला. मैदान म्हणजे एका बाजूला पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला मातीचा बांध आणि पलीकडे कोणाचा तरी कोबीचा मळा. समोरच्या कुंपणाआड माझे सोबती मला बघून पोट धरून हसत होते.

आमच्या संघाने गोल केला तेव्हा निळ्यांच्या गर्दीत मी एकटाच ओरडलो. सगळे वळले. वाटलं, आता आपलं काही खरं नाही. तेवढ्यात शेडच्या टोकाला चहा देणाऱ्या बाईने मला जवळ बोलावून गरम चहा हातात दिला. शेजारी तिचे वडील खुर्चीवर बसले होते. मोबाइलवर भाषांतर करत आमचं बोलणं झालं. तीस वर्षं चहा तेच द्यायचे. हात कापायला लागला तेव्हा मुलीला जागा दिली. मुलगा दूरच्या शहरात असतो. तो कधी सामन्याला आला तर सगळ्यांसारखा रांगेत उभा राहतो, असं म्हातारबुवा ऐटीत सांगत होते.

ताई, मला माझीच लाज वाटली. तू चौदा वर्षं हंडे भरतेस आणि मी एकदाही काही विचारलं नाही. आबांना वेगळं पत्र टाकलं आहे. ही सगळी गोष्ट लिहिली आहे आणि शेवटी, ओगराळं ताईला द्या.

तुझा राग ओसरावा, लोभ राहावा.
तुझा,
अश्वजित

महाड,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. अश्वजितास,
ताईचा जयभीम. वि. वि.

तुला शहाणपण सुचलं आणि ते तू कोणाकडून वाचून घेतलंस? माझ्याकडून! ओगराळं ताईला द्या, हे आबांना मीच मोठ्याने वाचून दाखवलं. आबा म्हणाले, ह्ये त्यानं लिवलेलं नाय, तू मनानं वाचतेस. मी शपथ घेतली, तुझं अक्षर त्यांच्या डोळ्यांना टेकवलं, उपयोग शून्य. शेवटी पत्र खिशात घालून ते पोस्टातल्या जुन्या सोबत्याकडे, पांडूकाकांकडे गेले. काकांनी दोनदा वाचून दाखवलं म्हणे. त्याला चार दिवस झाले, आबा त्यावर चकार शब्द काढत नाहीत. विचारायला मीही जाणार नाही. तुला आणि तुझ्या फुटबॉलला सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बुचकळून काढलं पाहिजे.

आई बरी आहे. लोभ तूर्तास राखून ठेवला आहे.
निशाताई

महाड,
२२ मार्च २०२५

चि. अश्वजितास,
निशाताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा उजाडताच आबा रांजणापाशी खुर्ची टाकून बसले. ओगराळं स्वतःच्या हातात, खिशात तुझं पत्र. मी हंडे ओतत राहिले. वीर स्टेशनहून रिक्षांनी पहिली माणसं आली. तीन ग्लास आबांनी नीट भरले. चौथा एका म्हाताऱ्या बाईंचा होता. आबांचा हात कापला आणि पाणी बाईंच्या पायांवर सांडलं. आबांनी ओल्या जमिनीकडे बघितलं, मग ओगराळं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, कोन, कुटलं, इचारू नको, नुसतं दे. जसं काही मी चौदा वर्षं तिथे नव्हतेच.

हंडे भरायला त्यांनी पांडूकाकांना बसवलं, पत्र वाचल्याबद्दल. बिचारे दुपारी दोनपर्यंत भरत होते.

पाणी पिऊन झाल्यावर त्या बाईंनी आबांना विचारलं, ही कोण? आबा म्हणाले, माजी पोरगी हाय, हितलं पानी हिच्याकडं हाय. मी ऐकलं नाही असं दाखवून पुढचा ग्लास भरला. डोळे भरून आले होते आणि रांग मोठी होती.

मे महिन्यात ये. पुढच्या मार्चातही ये, मफलर कुठल्याही रंगाचा घाल. फक्त रांगेत उभा राहा, आणि त्याआधी बारा हंडे भरून ठेव.

राखून ठेवलेला लोभ सोबत पाठवत आहे.
तुझी,
निशाताई